बिनभोकाची नऊ मडकी

माझी नर्सरी आहे. सोलापुरात, विजापूर रस्त्याला, गेली बावीस वर्षं. या बावीस वर्षांत तिथे एक नियम कधी मोडला नाही. भोक नसलेली कुंडी फाटकातून आत आली की तिला आधी भोक पाडायचं, मग बाकीचं बोलायचं. भोक तळाला पाडायचं नाही. बुडापासून दोन बोटं वर, अंगाला पाडायचं. तळाचं भोक फरशीवर बसून बंद होतं, पाणी तुंबतं, मुळ्या कुजतात आणि मग गिऱ्हाईक येऊन सांगतं की तुमचं रोपच मुळात किडकं होतं. हे मी किती जणांना सांगितलं असेल याची गणती नाही. ऐकलं फार थोड्यांनी.

सून घरात आली तेव्हा तिच्या सामानात दोन ट्रंका पुस्तकं होती आणि एक मातीकाम करायचं चाक होतं. पुण्यात तिने सिरॅमिकचं रीतसर शिक्षण घेतलं होतं. लग्नाला दोन वर्षं झाल्यावर तिने माझ्याकडे नर्सरीतला मागचा कोपरा मागितला, भट्टीसाठी. तिथे हिरव्या जाळीच्या शेडमध्ये मी आंब्याची कलमं ठेवायचे. मी म्हटलं, दिवाळी ते दिवाळी एक वर्ष घे. त्या वर्षात तू केलेलं एक जरी काम एखाद्या गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन उभं राहिलं तर शेड तुझी. नाही राहिलं तर भट्टी विकायची आणि कलमं परत आपल्या जागी. ती लगेच हो म्हणाली. मुलगा म्हणाला, आई, हे जरा जास्त होतंय. मी त्याला विचारलं, कलमं तुझ्या बँकेत ठेवू का?

ती मेहनती आहे, हे मला मान्य करावं लागतं. पहाटे उठून माती तुडवायची. भट्टीला गॅस होता, तापमानाच्या आकड्याकडे बघत दिवस दिवस बसायची. माती बाहेरून मागवायची, कारण आपली काळी माती वाळताना तडकते. पण मग तिने त्याच काळ्या मातीचं पातळ पाणी करून मडक्यांना बाहेरून लावून भाजलं, आणि ती माती वितळून मडक्यांवर गुळाच्या पाकासारखा तपकिरी लेप चढला. माझ्याच पोत्यातली माती. तिने मोठ्या उत्साहाने मला दाखवलं. मी म्हटलं, या मातीत तूर चांगली येते.

मडकी मात्र मोठी होत गेली. कमरेएवढी, पोटं सुटलेली, गळा अरुंद. हात आत जाईल पण रोप बाहेर निघणार नाही असला गळा. मी विचारलं, यात लावायचं काय? तर म्हणाली, काही नाही, आई. ही बागेत नुसती ठेवायची. ही शिल्पं आहेत.

मग तिने मला मोबाइलवर फोटो दाखवले. कुठल्या तरी परदेशातल्या बागा. गुडघाभर गवत, त्यावर धुकं, आणि धुक्यात चार रिकामी मडकी इकडे तिकडे, जशी कुणी टेम्पोतून उतरवून विसरून गेलं असावं. तिचं म्हणणं असं की झाडांमध्ये एखादी मोठी रिकामी वस्तू असली की डोळा तिथे थांबतो, आणि मग भोवतालची झाडं नीट दिसायला लागतात. मडक्याच्या आतला अंधारसुद्धा बागेचा भाग असतो. मी ते सगळं ऐकून घेतलं. ज्या देशात आठवड्याला दोनदा पाऊस पडतो तिथे लोकांना अंधार भरून ठेवायला मडकी परवडत असतील. आमच्याकडे चौथ्या-पाचव्या दिवशी नळाला पाणी येतं. त्या दिवशी घरात रिकामं काही राहत नाही. बादल्या, पिंपं, पातेली, लोक प्रेशर कुकरसुद्धा भरून ठेवतात. अशा गावात रिकामं मडकं म्हणजे कुणाचा तरी आळशीपणा, यापलीकडे मला त्याचा अर्थ लागत नव्हता.

तसं पाहिलं तर बंगलेवाल्यांच्या बागांबद्दल मला नवल वाटायचं बंद होऊन बरीच वर्षं झाली. होटगी रस्त्याच्या बाजूला एकेक बाग अशी आहे की तिथे खरं म्हणून काही सापडत नाही. प्लास्टिकचं गवत. वास्तुशांतीच्या दिवशी चाललेलं आणि पुन्हा कधीच न चाललेलं कारंजं. फायबरचा बुद्ध, त्याच्या डोक्यावर पारव्यांची घाण. एका बाईंनी मला विचारलं होतं की पानं न गळणारा बहावा मिळेल का. मी म्हटलं, मिळेल, त्याच दुकानात जिथून तुम्ही गवत आणलं. पुन्हा त्या आल्या नाहीत. त्यामुळे त्याच भागातल्या एका डॉक्टरीणबाईंनी सुनेकडे नऊ मडक्यांचं काम दिलं तेव्हा मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी ते फोटो पाहिले होते. त्यांना धुकं हवं होतं आणि धुकं मिळत नव्हतं, म्हणून मडकी.

गणपती झाल्यावर मडकी पोचवायची ठरली. त्या वर्षातलं तिचं हे पहिलं काम, आणि दिवाळीआधी दुसरं मिळेल अशी काही चिन्हं नव्हती. ही नऊ मडकी त्या दारात उभी राहिली तर शेड राहणार, नाहीतर नाही. हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. आम्ही दोघी त्याविषयी बोलत नव्हतो.

मडकी तयार झाली आणि ती दोन दिवस बार्शीला माहेरी गेली. टेम्पो परवा येणार होता. मी सकाळी नर्सरीत आले तर ताडपत्रीखाली नऊच्या नऊ मडकी, आणि एकालाही भोक नाही.

मी तिला तीनदा सांगितलं होतं. तिन्ही वेळा ती म्हणाली होती की यात झाड लावायचंच नाही. मला ते उत्तर वाटलंच नव्हतं. गिऱ्हाईक आज म्हणतं रिकामी ठेवणार. मग पाऊस येतो, पाणी साचतं, मग कुणीतरी त्यात मनीप्लांट खुपसतं, तो सडतो, आणि फोन मला येतो. माझ्याकडे फरशीला भोक पाडायचं ड्रिल आहे. मी मडकं आडवं केलं, वरून पाण्याची धार सोडायला आमच्या मावशीला उभं केलं आणि कामाला लागले. मावशी माझ्याकडे सुरुवातीपासून कामाला आहे. ती म्हणाली, "ताई, पोरगीला इचारलंय का?" मी म्हटलं, विचारायचं काय त्यात, तिच्या भल्याचंच आहे. ती म्हणाली, "भल्याचं हाय, खरं हाय. पर इचारलंय का?"

मी तिला पाणी नीट सोड म्हणाले.

सगळ्यात मोठं आधी घेतलं. ती माती भाजून इतकी कडक झाली होती की एका भोकाला पंधरा मिनिटं लागत होती. भोक मात्र स्वच्छ पडत होतं, एक टवका उडाला नाही. काम चांगलं झालं की मला बरं वाटतं, मग ते कसलंही असो. चार झाली, पाचवं आडवं केलं, तेवढ्यात फाटक वाजलं. सून एक दिवस आधीच परत आली होती, खांद्यावर पिशवी तशीच.

तिने आधी माझ्या हातातल्या ड्रिलकडे पाहिलं, मग चार मडक्यांकडे. मला वाटलं रडेल किंवा भांडेल. दोन्हींची माझी तयारी होती. ती मोठ्या मडक्याजवळ खाली बसली, भोकात बोट घातलं, काठावरून फिरवलं.

"छान पाडलंय," ती म्हणाली. "आई, ही कुंडी नव्हती."

मी भोक लांबी-पुट्टी भरून बुजवू म्हटलं. ती म्हणाली, लांबी दिसते. नवीन करू म्हटलं, तर ते होणार नव्हतं. एवढं मडकं नुसतं वाळायला पंधरा दिवस, मग दोनदा भाजायचं. शेवटी तीच म्हणाली की तशीच नेऊ, भोकाची बाजू मागे करू. मावशी माझ्याकडे बघत नव्हती, आणि न बघण्यात तिचा हात कुणी धरणार नाही.

टेम्पोबरोबर मी पण गेले. म्हणायला मदतीला. बंगला नवा होता. डॉक्टरीणबाई हसऱ्या, त्यांना सगळंच सुंदर वाटत होतं. व्हरांड्यात त्यांच्या सासूबाई खुर्चीवर बसल्या होत्या, बार्शीकडच्या, नव्वदीला आलेल्या. त्यांना सगळे आजी म्हणत होते. सुनेने मडकी लावली. लावणं तिला येतं, हेही मान्य करावं लागतं. पाच बिनभोकाची गवताच्या कडेने, तीन भोकवाली भिंतीलगत तोंड फिरवून, आणि सगळ्यात मोठं व्हरांड्याच्या पायऱ्यांजवळ. फाटकातून येणाऱ्याला भोक दिसू नये म्हणून ती बाजू आम्ही घराकडे केली. माणूस येतो तो फाटकातून, एवढाच विचार आम्ही दोघींनी केला. घरात कोण बसलंय याचा केला नाही.

मग चहा आला. आम्ही आत गेलो. आणि तो त्यांच्या नळाचा दिवस होता.

त्यांच्या माळ्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. तो पाइप घेऊन झाडांना पाणी घालत आला, त्याने नऊ मडकी रिकामी पाहिली, आणि सोलापुरातला कुठलाही शहाणा माणूस करेल तेच केलं. भरायला घेतली. सुरुवात पायऱ्यांजवळच्या मोठ्यापासून. आम्ही बाहेर आलो तेव्हा मडकं काठोकाठ भरलं होतं आणि त्याच्या पोटातून बोटाएवढी धार सरळ व्हरांड्याच्या दिशेने पडत होती. आजी खुर्चीत बसून त्या धारेकडे बघत होत्या.

"हे कुणासाठी फोडलंय?" त्यांनी विचारलं.

माळ्याने पाइप बाजूला केला, पण त्याने धार थांबणार नव्हती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आई, ते शिल्प आहे."

"आसंल. पर गळतंय." आजींचा आवाज चढलेला नव्हता. "घरात चार माणसं हावो आपण. नाव घिऊन सांग, ह्यातल्या कुणाच्या नावानं ठिवलंय. पितर तोंडावर आल्यात."

कुंडीला भोक असतं तेव्हा कुणाला स्मशान आठवत नाही. मडक्याच्या पोटाला भोक पडून पाणी गळायला लागलं की आठवतं. प्रेताभोवती फिरताना खांद्यावरच्या मडक्याला दगडाने भोक पाडतात, ते असंच गळतं. अकरा वर्षांपूर्वी, त्याचे वडील गेले तेव्हा, माझ्या मुलाने तसलं मडकं खांद्यावर घेतलं होतं. घरी परत आला तेव्हा त्याच्या सदऱ्याची पाठ ओली होती. तो सदरा मी धुतला. म्हणजे मला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. मी ड्रिल हातात घेतलं तेव्हा डोक्यात फक्त मुळ्या होत्या, ज्या त्या मडक्यात कधी असणारच नव्हत्या.

सून पुढे झाली आणि म्हणाली, चूक माझी आहे, मी मडकी परत नेते. भोकं कुणी पाडली हे तिने सांगितलं नाही. मी तिथेच उभी होते, मीही सांगितलं नाही. बावीस वर्षं लोकांना तोंडावर बोलण्याबद्दल माझी ख्याती आहे. त्या दिवशी मी टेम्पोवाल्याला दोर नीट बांध म्हणून सांगत राहिले.

दुसऱ्या दिवशी नर्सरीत गेले तर सून शेडमधल्या फळ्या रिकाम्या करत होती. साचे एका खोक्यात, हत्यारं फडक्यात गुंडाळून. मी म्हटलं, दिवाळीला अजून दीड महिना आहे. ती म्हणाली, दीड महिन्यात काय होणार आहे, आई, तुमची कलमं तरी वेळेत आत येतील. तिने हे टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं. ती खरंच कलमांचा विचार करत होती.

मी बिनभोकाच्या पाचांतलं सगळ्यात लहान मडकं उचललं, रिक्षा थांबवली आणि होटगी रस्त्याला गेले. रिक्षावाल्याने विचारलं, ताई, एवढं जड, लोखंडाचं आहे का? मी म्हटलं, शिल्प आहे. त्याने पुढे काही विचारलं नाही. या शब्दाचा एवढा एकच उपयोग मला आजवर दिसला आहे.

आजी व्हरांड्यातच होत्या. मी मडकं त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि माळ्याला ते भरायला सांगितलं. भरलं. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलो. पाचएक मिनिटं गेली. खाली फरशी कोरडी. मग मी सांगितलं की भोकं सुनेने पाडलेली नाहीत. तिने चांगली, अखंड मडकी केली होती. ती गावाला गेलेली असताना मी पाडली.

"का?" आजी म्हणाल्या.

मला वाटलं तिला कळत नाही, असं मी म्हणाले.

"सासू हायेस व्हय तू तिची." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग बरोबर."

पाणी ओतून टाकायला लावलं आणि त्यांनी मडक्याच्या अंगावर बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं, उन्हाळ्यात बाजारात माठ घेताना ठोकतात तसं. एकदा, मग जरा खाली, मग बुडाशी. आवाज स्वच्छ आला. अशी बाई मला गिऱ्हाईक म्हणून मिळाली असती तर मी ड्रिल विकून टाकलं असतं. म्हणाल्या, मडकं पक्कं हाय. भोकवाली चार माझ्या उंबऱ्यापुढं नकोत. ही पाच आण. पण ती भरलेली राहतील, एक दिवससुद्धा रिकामी दिसता कामा नयेत.

डॉक्टरीणबाई दवाखान्यात होत्या. संध्याकाळी त्यांचा फोन आला की पाच चालतील, आणि पाण्याची कल्पनाही सुंदरच आहे. त्यांना काय सुंदर वाटत नाही हे मला अजून कळलेलं नाही.

मी शेडमध्ये जाऊन सुनेला सांगितलं. भोकांचंही सांगून आले म्हणाले. तिने हातातला साचा खोक्यात ठेवला आणि मग परत बाहेर काढला. मी म्हटलं, आता ती भरलेली राहणार. तुझ्या आतल्या अंधाराचं काय? ती जरा विचार करून म्हणाली, पाण्यालाही अंधार असतो. पहिल्या गिऱ्हाइकाने एक अट घातली आणि सगळं तत्त्व बादलीभर पाण्यात विरघळलं. यात मला हसू आलं, पण मी ते गिळलं, कारण तेवढ्यात ती म्हणाली, "आई, आता माझी एक अट."

अट अशी की भोकं पाडलेली चार मडकी नर्सरीच्या फाटकाशी ठेवायची, आणि त्यात मी काही लावायचं नाही. तुळस नाही, मनीप्लांट नाही, काडीसुद्धा नाही.

म्हणून गेले वर्षभर माझ्या फाटकाशी चार रिकामी मडकी उभी आहेत. रोज कुणीतरी विचारतं, यात काय लावलंय? काही नाही म्हणते. मग काय लावणार? काही नाही. मग कशाला ठेवलीत? एका रिटायर मास्तरांनी तर मला भोक कुठे असावं हे समजावून सांगितलं, आणि ही भोकं चांगल्या जागी आहेत म्हणून शाबासकी दिली. मडक्यांमुळे भोवतालची झाडं नीट दिसतात असं आजवर एकाही गिऱ्हाइकाने म्हटलेलं नाही. पावसात मात्र माझी चारही कोरडी राहिली. तिकडे पाचांत डासांच्या अळ्या सापडल्या, महापालिकेची माणसं येऊन ओतून टाका म्हणाली. आजींनी ओतू दिलं नाही. त्यांनी त्यांच्याकडूनच गप्पी मासे मागून घेतले आणि प्रत्येक मडक्यात चार-चार सोडले. आता सकाळी त्या माळ्याला हाताशी धरून एकेका मडक्यात वाकून मासे मोजतात. परदेशातल्या कुठल्या बागेत शिल्पाला मासे आहेत ते मला दाखवा.

शेड उभी आहे. कलमं मी समोर नव्या जाळीखाली हलवली. तिथे दुपारचं ऊन लागतं, दोन मेली. सुनेकडे आणखी दोन कामं आली, दोन्ही आजींच्या नात्यातली, दोन्ही पाणी भरून ठेवायची.

मागच्या आठवड्यात तिने भट्टीतून नवं मडकं काढलं. रंग पुन्हा माझ्या मातीचा. हे कुणासाठी म्हटलं तर म्हणाली, कुणासाठी नाही, माझ्यासाठी, रिकामं. ती फडकं आणायला गेली तेव्हा मी मडकं तिरपं करून बुडाखाली हात घातला. ओल्या मातीतच पाडलेलं एक भोक होतं, तळाच्या मधोमध, बाहेरून कुणाला दिसणार नाही असं. शिवाय बुडाला तीन छोटे पाय काढले होते, म्हणजे फरशीवर ठेवलं तरी ते बंद होणार नव्हतं.

ती परत आली तेव्हा मी म्हटलं, "भोक बारीक आहे. मुळी आली की बुजेल."

"मुळी येणार नाही, आई," ती म्हणाली, आणि मडकं माझ्या हातातून काढून घेतलं.